अकरा डब्यांचा नकाशा

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे, मित्रांनो, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी वाकडा नाही. बेचाळीस वर्षं झाली, पण माझे चारही कोपरे अजून काटकोनात आहेत. कुणाला शंका असेल तर गुण्या लावून बघावा.

लाकडाला काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मला टाचणी टोचली तर लागत नाही. भोक राहतं, एवढंच. अशी भोकं माझ्या अंगावर हजारोंनी आहेत आणि त्यांतल्या एकाबद्दलही माझी तक्रार नाही. म्हणून मी सांगणार आहे ते कोरडंच सांगेन. रडगाणं गायला मला येत नाही.

माझा जन्म शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका सुतारशाळेत झाला. रत्नागिरीकडचा बदरुद्दीन नावाचा सुतार तिथे दारं बनवायचा. शेजारच्या शेडमध्ये एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवणारी कंपनी होती, आणि तिथे आत्माराम नावाचा सत्तावीस वर्षांचा ड्राफ्ट्समन नाशिकहून नुकताच आला होता. कंपनीने त्याला दिलेला बोर्ड उन्हाने तडकून पोटात फुगला होता. आत्मारामला ते सहन होईना. एक मिलीमीटर इकडचा तिकडे झाला की डक्ट भिंतीवर जाऊन थडकतो, असं तो म्हणायचा. शेवटी तो बदरुद्दीनकडे गेला. बदरुद्दीनने दारांच्या कामातून उरलेल्या पाइनच्या पट्ट्या जोडल्या, चार दिवस प्रेसखाली ठेवल्या, कडा घासल्या, आणि मी झालो. मोबदला म्हणून आत्मारामने त्याला घरी पाठवायची चार पत्रं लिहून दिली.

पुढची चौदा वर्षं माझ्या कामाची. आत्मारामचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी कागदावर, मग पत्र्यावर." नकाशा पक्का झाल्याशिवाय तो कारागिराला कात्री उचलू द्यायचा नाही. शेडमधला फोरमन यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत डोक्यावर उभा राहायचा, तरी हा आपला पट्टी सरकवत बसलेला. नकाशा झाला की तो सल्लागार कंपनीकडे तपासायला जायचा आणि त्यावर शिक्का बसून परत यायचा. ‘ए’ म्हणजे मंजूर. ‘बी’ म्हणजे किरकोळ दुरुस्त्या करा आणि कामाला लागा. ‘सी’ म्हणजे सुधारून परत आणा. या देशात इमारतीतला खिळासुद्धा त्या शिक्क्यावाचून ठोकला जात नाही. आत्मारामला चौदा वर्षांत ‘सी’ दोनदाच मिळाला, आणि दोन्ही वेळा तो दिवसभर जेवला नाही. सल्लागार कंपनीतला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, इंजिनिअर सगळ्यांना सांगायचा की या माणसाचा नकाशा आपण डोळे मिटून पास करतो. ते ऐकून आत्माराम हसायचा नाही, पण त्या दिवशी मला दोनदा पुसायचा.

मग कॉम्प्युटर आला आणि माझं काम खलास. कंपनी मला भंगारात काढणार होती. आत्मारामने मला टॅक्सीच्या टपाला बांधून शारजातल्याच रोला भागातल्या आपल्या फ्लॅटवर नेलं.

तिथे मी सविताच्या हाती पडलो. सविता म्हणजे आत्मारामची बायको. ती एकट्या राहणाऱ्या लोकांना दुपारच्या जेवणाचे डबे द्यायची. पहिला डबा बदरुद्दीनचा होता. पुढे पसारा चाळीसपर्यंत गेला. तिने मला स्वयंपाकघरात दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि माझ्यावर डबे भरायला सुरुवात केली. नकाशे काढणाऱ्यावर वांग्याची भाजी! पहिले काही दिवस मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण बाई शिस्तीची होती. ओल्या फडक्याने पुसलं की लगेच कोरड्याने पुसायची, कारण नवऱ्याने तिला बजावलं होतं की लाकडाला पाणी चढतं. माझ्या अंगावर डब्यांच्या बुडाचे तेलकट गोल उठले. ते अजून आहेत.

रिटायर झाल्यावर डबे पोचवायचं काम आत्मारामने घेतलं. साडेअकराला निघायचा, एकला परत. सविताचं वय झालं तसे डबे कमी होत गेले. चाळीसचे वीस झाले, विसाचे अकरा. मुलगा राजन दुबईत एका बँकेत होता. तो दर शुक्रवारी यायचा आणि आईला म्हणायचा, आता बस कर. ती म्हणायची, अकराच तर आहेत.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, आत्माराम डबे देऊन परत आला तेव्हा सविता स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती. त्याआधीच सगळं संपलं होतं.

राजनने वडिलांना अल नहदाला आपल्या घरी आणलं. सामानासोबत मीही आलो आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे उभा राहिलो. उन्हाळ्यात तिथली हवा इतकी दमट असते की माझ्या डाव्या कडेला पापुद्रे सुटायला लागले. मला कुणी हात लावला नाही.

आत्मारामचंही तसंच चाललं होतं. सून मृणालिनी जे वाढेल ते तो खायचा. राजन जे विचारेल त्याला "बरं" म्हणायचा. चहा गार झाला तरी तो तसाच प्यायचा, गरम आहे की गार ते त्याला कळतच नव्हतं. अंत्यसंस्काराला तो रडला नाही, त्यानंतरही नाही. मृणालिनीने डॉक्टर सुचवला, तेव्हाही तो "बरं" म्हणाला आणि गेला नाही. साडेअकराला मात्र चपला घालून बाहेर पडायचा आणि एकला परत यायचा. कुठे जातो ते कुणी विचारलं नाही.

एक दिवस बाल्कनी मोकळी करायची म्हणून मृणालिनीने मला वॉचमन खैरुद्दीनकडे द्यायचं ठरवलं. तेवढ्यात आभा आली. आभा ही आत्मारामची नात, चौदा वर्षांची. तिला एक मोठं, सपाट काहीतरी हवं होतं. तिने मला ओढत आपल्या खोलीत नेलं आणि पलंगावर आडवं टाकलं.

झालं होतं असं. आभा आणि तिची मैत्रीण दुआ यांना एक व्हिडिओ गेम बनवायचा होता. शाळकरी मुलांसाठी एक उपक्रम निघाला होता. निवड झाली तर जाणकार लोक शेजारी बसून गेम बनवायला शिकवणार होते. पण अट मोठी विचित्र होती. पहिले सहा आठवडे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. गेम कशाबद्दल आहे, खेळणारा त्यात काय करतो, जिंकतो कसा आणि हरतो कसा, नकाशा कसा आहे, चित्रं किती लागतील, हे सगळं कागदावर पक्कं करायचं. मग तो गेम कागदावरच पाच अशा लोकांना खेळायला द्यायचा, ज्यांना तो ठाऊक नाही. ते कुठे अडले ते लिहायचं. आणि ती सगळी फाइल पाठवायची.

आभाला गेम आजीच्या डब्यांवर करायचा होता. तिने वहीत इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती. मी मराठीत सांगतो. ‘आजी डबे भरते, तू ते वेळेवर पोचव.’ पण कुणाचा डबा कुठे जायचा, कुठल्या गल्लीतून, कितव्या मजल्यावर, हे सगळं फक्त आजोबांना ठाऊक होतं. आणि आजोबा तर "बरं" याच्यापुढे बोलत नव्हते. आजीचं नाव घरात कुणी काढतच नव्हतं. सहा आठवड्यांत त्या माणसाला बोलतं करायचं, नाहीतर गेम नाही. अडचण होती ती एवढीच, पण डोंगराएवढी.

तिने माझ्यावर मोठा कागद सेलोटेपने चिकटवला. चिकटवला कसला, लटकवला म्हणा. डावी बाजू वर, उजवी खाली. आजकालच्या पोरांना कागद लावायला कुणी शिकवतच नाही. त्यावर ती गल्ल्या काढत होती तेव्हा आत्माराम दारावरून चालला होता. तो थांबला. बराच वेळ उभा राहिला. मग आत आला, टेप उचकटली आणि म्हणाला, "पेपर तिरका आहे."

अकरा महिन्यांत तो आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मृणालिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थबकली. आत्मारामने कपाटावरून आपली टी-आकाराची पट्टी काढली, माझ्या कडेला लावली, कागद तिला समांतर केला आणि चारही कोपरे दाबून बसवले. मग उजव्या हाताला खाली चौकट आखली. प्रकल्पाचं नाव, नकाशा क्रमांक, तारीख, कुणी काढला, कुणी तपासला.

"तपासणार कोण?" त्याने विचारलं.

आभाने शेजारी बसलेल्या दुआकडे बोट दाखवलं. दुआने कधी काही तपासलं नव्हतं, पण तिने मान हलवली.

तिथून रोज चारनंतर आमचं ऑफिस सुरू झालं. आत्माराम आखायचा, आभा लिहायची, दुआ तपासायची. तिला त्याने ए, बी, सी समजावून सांगितलं, तर पोरीने खोडरबर कोरून शिक्केच करून आणले. ट्रेसिंग पेपर संपला की तो खाली स्टेशनरीवाल्याकडे जायचा आणि परत आल्यावर पुटपुटायचा, पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये एका गुंडाळीला. मृणालिनीने ते राजनला फोन करून सांगितलं. किमतीचं नाही, सासरे कुरकुरले याचं.

पण गैरसमज नको. माणूस हलायला लागला होता, जागा झाला नव्हता. तो डब्यांबद्दल बोलायचा, सविताबद्दल नाही. पाचवा डबा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट डावीकडे. आठव्या डब्यात कांदा नाही. हे तो पत्र्याचं माप सांगावं तसं सांगायचा. आभा मध्येच विचारायची, आणि आजी काय म्हणायची? तो म्हणायचा, "पुढचं लिही."

पत्त्यांचीही एक मजाच झाली. आमच्याकडे पत्ता म्हणजे घर नंबर नव्हे, खालचं दुकान. आत्मारामने नकाशात सरळ लिहिलं: फोटो स्टुडिओची बिल्डिंग, शिंप्याची बिल्डिंग, कॅसेटवाल्याच्या मागे. दुआ राहायला रोल्यातच होती. तिने आईला, जहांआराला, विचारलं, तर तिच्या आईनेही यांतलं एकही दुकान पाहिलेलं नव्हतं. सगळी वीस-वीस वर्षांपूर्वी बंद पडलेली. आत्माराम म्हणाला, दुकानं गेली असतील, बिल्डिंगचं नाव तेच राहतं. पोरींनी ते तसंच ठेवलं.

मग यादी. गेममध्ये जे जे दिसणार, ऐकू येणार, ते ते कुणालातरी बनवावं लागतं, म्हणून आधी सगळ्याची यादी करायची असते. पोरींची यादी एकशे चाळीसवर गेली. आत्मारामने लाल पेन घेतलं. दुआने दोन उंट घातले होते, शारजा आहे म्हणून. तो म्हणाला, चाळीस वर्षांत एकाही उंटाने डबा लावला नाही. उंट गेले. कारंजं गेलं. ढग गेले. यादी अडतिसावर आली आणि आभा रुसून बसली. तो म्हणाला की जे बांधता येत नाही ते नकाशात दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच आणखी चार वस्तू खोडल्या.

तिसऱ्या आठवड्यात पहिला नकाशा पूर्ण झाला. देखणा होता, माझ्यावर काढलेला म्हणून म्हणत नाही. मध्ये घर, तिथून निघालेला रस्ता, रस्त्यावर अकरा दारं. राजम्याचे अकरा दाणे म्हणजे डबे, खोडरबर म्हणजे डबे नेणारा माणूस. पोरी कागदावर खेळून बघायला लागल्या. दुआने पाच वेळा खेळून पाहिलं आणि ‘सी’ मारला.

शेजारी तिने लिहिलं होतं: यात कुणी हरतच नाही.

आत्माराम त्या शिक्क्याकडे बघत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही. मृणालिनी घाबरली, मला मात्र जुने दिवस आठवले. दुसऱ्या दिवशी त्याने अडथळे काढले. लिफ्ट बंद, वाळूचं वादळ, शुक्रवारच्या नमाजाची गर्दी, रस्ता खोदलेला. प्रत्येकाचं एकेक कार्ड. पोरी पुन्हा खेळल्या. तरीही अकराच्या अकरा डबे वेळेत पोचले, कारण आत्मारामने प्रत्येक अडथळ्याला एक आडवाट आखून ठेवली होती. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. डक्ट कुठेही अडता कामा नये.

दुआने पुन्हा ‘सी’ मारला. या खेपेला शेरा दुसराच होता. ती हिंदीत म्हणाली, "दादाजी, वापस आने का रास्ता नहीं है."

खरंच नव्हता. घरातून निघालेला रस्ता अकराव्या दारापाशी संपत होता. सगळे बाण एकाच दिशेचे. जन्म नकाशे काढण्यात गेलेला माणूस, आणि परतीचा रस्ता आखायला विसरला. चौदा वर्षांत अशी चूक मी पाहिली नव्हती.

तो म्हणाला, कशाला हवा, शेवटचा डबा दिला की खलास. आभाने साधंच विचारलं, "पण आजोबा, तुम्ही घरी यायचात ना?"

त्याने पेन खाली ठेवलं. टोपण लावलं. काढलं. परत लावलं. मग तो बोलला. आवाज त्याच पत्र्याच्या मापाचा होता.

"त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, क्लिनिकला जाऊ. ती म्हणाली, अकरा माणसं उपाशी राहतील, तुम्ही आधी डबे द्या, मग बघू. मी निघालो. पाचव्या दारापाशी मला वाटलं, मागे फिरावं. फोन केला. तिने उचलला नाही. म्हटलं, हात पिठाचे असतील. सहावा दिला. सातवा दिला. अकराच्या अकरा दिले. एकही उशिरा पोचला नाही."

त्याने हे राजनला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, तो बाहेर असताना अचानक झालं.

मित्रांनो, तो फोन माझ्यावर होता. पिठाच्या परातीशेजारी. तो वाजला, थरथरत माझ्या कडेपर्यंत सरकला आणि थांबला. ती खाली होती. मी लाकूड. मी सगळं पाहिलं आणि तसाच आडवा राहिलो. हे मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आभा उठून आजोबांच्या शेजारी येऊन बसली. तिला रडू येत होतं आणि तिने ते लपवलं नाही. तो मात्र समोरच्या कागदाकडेच बघत होता. मग तो म्हणाला, "चेकरचं बरोबर आहे. नकाशा चुकलाय." आणि त्याने पट्टी उचलली.

त्याने अकराही दारांपासून घरापर्यंत तुटक रेषेचा रस्ता आखला. नियम ठरला. कुठल्याही दारापासून मागे फिरता येईल. मग हातातले डबे राहतील, ती माणसं उपाशी राहतील, चिडतील, काहीजण डबा बंद करतील. एक नवं कार्ड आलं: ‘आजीला बरं वाटत नाही.’ ते सहाव्या दाराच्या आत कधीतरी निघणार. पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. आणि सगळे डबे देऊन घरी पोचल्यावर उचलायचं शेवटचं कार्ड आत्मारामने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. त्यावर तीनच शब्द होते.

मग गेम ठाऊक नसलेल्या पाच खेळाडूंची वेळ आली. पहिला खैरुद्दीन, ड्युटी संपल्यावर. मग जहांआरा. मग मृणालिनी. चौथा बदरुद्दीन. तो आता सत्तरीपुढचा, मुलाकडे अजमानला राहतो. मला बघून त्याने पहिल्यांदा माझी सुटलेली कड चाचपली आणि आत्मारामला दोन शिव्या दिल्या. मग खेळायला बसला. चौथ्या दारापाशी त्याला ते कार्ड निघालं. त्याने वाचलं, मान हलवली, आणि पुढे गेला. आभाने विचारलं, मागे का नाही फिरलात? तो म्हणाला, अगो, हातात डबे हायत, लोक वाट बघतायत, देऊन टाकू नि मग जाऊ.

चौघांनीही तेच केलं. चौघांनीही कार्ड वाचलं आणि चौघांनीही अकराच्या अकरा डबे दिले. आभा वहीत लिहीत होती. आत्माराम भिंतीला टेकून उभा होता आणि प्रत्येकाचा हात बघत होता.

पाचवा राजन. शनिवारची सकाळ होती. तो फोन बाजूला ठेवून मुलीच्या हौसेखातर बसला होता. डबे कसे जायचे ते बघून त्याला मजा येत होती. शिंप्याची बिल्डिंग वाचून तो हसलासुद्धा. पाचव्या दारापाशी कार्ड निघालं. त्याने ते वाचलं, क्षणभर थांबला, आणि सहावा दाणा पुढे सरकवला. सगळे दाणे संपवून तो घरी आला आणि त्याने शेवटचं कार्ड उलटलं.

‘किल्लीने दार उघड.’

"किल्लीने का?" तो म्हणाला. "दार तर आई उघडायची." आणि मग त्याने वडिलांकडे पाहिलं.

आत्माराम म्हणाला, "ती सकाळी म्हणाली होती मला. बरं नाही म्हणून."

राजनच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. राग आला. तो मी ओळखतो, फोरमनच्या तोंडावर रोज बघितलाय. तो तोंड उघडणार, इतक्यात त्याची नजर खाली गेली. त्याच्याच हाताने पोचवलेले अकरा दाणे माझ्यावर अकरा दारांपुढे ओळीने होते.

"मीही सगळे दिले, बाबा," तो म्हणाला.

आत्माराम खाली बसला. भिंतीला टेकून, सरकत, तिथेच जमिनीवर. राजन उठून त्याच्याजवळ गेला. पुढचा अर्धा तास मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तो बाप-लेकाचा होता. एवढंच सांगतो की मृणालिनीने आणलेला चहा आत्मारामने तोंडाला लावला आणि म्हणाला, गार आहे.

दुपारी आभा वही घेऊन आली. पाच खेळाडूंची अट पुरी झाली होती, पण एक जागा रिकामी होती. मागे फिरून कुणी घरी गेलंच नव्हतं, त्यामुळे मागे फिरणाऱ्याला घरी काय दिसतं ते कुणी लिहिलं नव्हतं. नकाशात रिकामी जागा ठेवून चालत नाही, हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही खेळा.

तो माझ्यासमोर बसला. पहिलं दार, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्यापाशी दाणा ठेवून त्याने गठ्ठ्यातून कार्ड उचललं. वाचलं नाही, पालथंच ठेवलं. हातात सहा दाणे उरले होते. ते त्याने माझ्या कडेला, तेलाच्या एका गोलात, एकत्र ठेवून दिले. खोडरबर तुटक रेषेवर ठेवून तो सावकाश, एकेक चौकोन मागे सरकवत घरापर्यंत आणला.

"काय लिहू?" आभाने कोरं कार्ड पुढे केलं.

"लिही," तो म्हणाला, "दार आतून उघडतं."

तिने लिहिलं. आणि आत्माराम रडला. अकरा महिने, तीन आठवडे आणि काही दिवसांनी. पाणी माझ्यावर पडलं. पाण्याने लाकूड खराब होतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण त्याने पुसलं नाही, आणि मीही तक्रार करणार नाही.

दुआने नकाशावर ‘ए’ मारला आणि फाइल गेली. निवड झाली की नाही ते अजून कळलेलं नाही. गेम पडद्यावर कधी दिसेल तेव्हा दिसेल, इन्शाल्ला. माझं काम कागदापर्यंतचं होतं, ते झालं. बदरुद्दीन पुढच्या आठवड्यात सरस घेऊन येणार आहे माझी कड चिकटवायला.

तर मित्रांनो, मी लाकूड, मला उपदेश शोभत नाही. पण विनंती करतो. घरात माझ्यासारखं एखादं जुनं लाकूड पडून असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. एवढं माझ्यासाठी. आणि घरचं माणूस कधी "मला काही नाही, तुम्ही जा" असं म्हणालं, तर जरा थांबा. डबे खाली ठेवा, आणि आधी त्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघा.